ओळख पटणं आणि ओळख होणं

१९७० सालची गोष्ट. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मायरन क्रूगर हे तरुण संगणकतज्ज्ञ 'मेटाप्ले' नावाच्या प्रयोगाची जुळवाजुळव करत होते. प्रदर्शनाची खोली एका इमारतीत, संगणक दुसऱ्या इमारतीत आणि दोन्हींना जोडणारी व्हिडिओची तार. एकदा संगणकाकडून येणाऱ्या संदेशांत घोळ होऊ लागला. तेव्हा क्रूगर इकडून आणि त्यांचे सहकारी तिकडून एकाच चित्रावर बोट ठेवत चूक शोधू लागले. दोघांचेही हात कॅमेऱ्यातून त्याच पडद्यावर दिसत होते. बोलता बोलता क्रूगर यांच्या हाताची प्रतिमा सहकाऱ्याच्या हाताच्या प्रतिमेवर आली आणि त्या सहकाऱ्याने नकळत आपला हात बाजूला घेतला. खरे हात दोन वेगळ्या इमारतींत होते. एकमेकांना लागले होते ते फक्त पडद्यावरचे उजेडाचे दोन तुकडे. तरीही, गर्दीत परक्या माणसाचा धक्का लागला की आपण जसं अंग चोरतो, तसंच त्याने चोरलं.

पडद्यावरची आपली प्रतिमा माणसाला 'माझं चित्र' वाटत नाही, 'मी' वाटते, हे क्रूगर यांच्या लक्षात आलं ते असं. तिला कुणाचा हात लागला तर तो आपल्याला लागतो. संवादी डिजिटल कला म्हणजे प्रेक्षकाच्या हालचालीला, आवाजाला किंवा नाडीला उत्तर देणारी, त्याच्यावाचून पुरीच न होणारी कला. गेली पन्नासएक वर्षं ती या एका जागेभोवती घुटमळते आहे. समोर कॅमेरा असतो, मागे संगणक असतो, आणि तो विचारत असतो: तू कोण? काही मोजक्या कलाकृती त्यापुढचाही प्रश्न विचारतात: तू कुणाचा, आणि तुझं कोण?

'ओळख' या एका शब्दात मराठीने बरंच काही साठवून ठेवलं आहे. दोन माणसांची ओळख होते. रस्त्यात कुणी भेटलं की आपण ओळख दाखवतो, आणि राग धरलेला असला तर ओळख न दाखवता पुढे जातो. बँकेत ओळखपत्र मागतात. आणि अपघात झाला की नातेवाइकांना शवागारात बोलावतात, ते ओळख पटवायला. यातल्या पहिल्या दोन ओळखींना दोन माणसं लागतात आणि दोघांचीही तयारी लागते. उरलेल्या दोन्हींत एक तपासणारा असतो, दुसऱ्याची तपासणी होते. फोनचं कुलूप उघडणारा कॅमेरा, विमानतळाच्या दारातला कॅमेरा, रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्र, ही सगळी ओळख पटवणारी यंत्रं. मला ज्या कलाकृतींविषयी लिहायचं आहे त्या याच यंत्रांना ओळख करून देण्याच्या कामाला लावतात. दर वेळी ते साधतंच असं नाही. पण साधतं तेव्हा काय होतं, हे नीट पाहण्यासारखं आहे.

क्रूगर यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यापासून 'व्हिडिओप्लेस' घडवायला घेतलं आणि पुढे कित्येक वर्षं ते त्यात भर घालत राहिले. वेगवेगळ्या खोल्यांतली माणसं एकाच पडद्यावर रंगीत छायाकृती होऊन भेटत. कुणी दुसऱ्याच्या डोक्यावर टपली मारी, कुणी चिमुकलं होऊन समोरच्याच्या तळहातावर चढे. 'क्रिटर' नावाचा एक छोटा प्राणी तुमच्या छायाकृतीच्या अंगाखांद्यावर बागडे. यामागचं तत्त्व समजायला सोपं आहे, आणि आजही अशा असंख्य कलाकृती त्याच्यावरच चालतात. कॅमेरा आधी रिकाम्या जागेचं चित्र टिपून ठेवतो. माणूस आत आला की नव्या चित्रातून जुनं चित्र वजा करायचं. जे उरतं तो माणूस. क्रूगर यांनी ही वजाबाकी सोपी व्हावी म्हणून माणसाच्या पाठीशी उजळलेला पडदाच लावला, म्हणजे त्यासमोर शरीराची कडा लख्ख दिसे. वजाबाकी करून उरतो तो मी, ही यंत्राची व्याख्या मला फार बोलकी वाटते. त्या बाकीत नाव नसतं, जात नसते, कातडीचा रंग नसतो, कपड्यांची किंमतही नसते. असते ती फक्त कडा आणि तिची हालचाल. १९९० साली ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरातल्या आर्स इलेक्ट्रॉनिका महोत्सवाने संवादी कलेसाठी सर्वोच्च पुरस्कार द्यायला सुरुवात केली, आणि तो पहिलाच पुरस्कार 'व्हिडिओप्लेस'ला मिळाला.

सावलीचं हे समत्व राफाएल लोझानो-हेमर यांनी भर चौकात आणलं. त्यांचा जन्म १९६७चा, मेक्सिको सिटीतला. शिक्षण कॅनडातल्या माँट्रियलमध्ये, आणि तेही कलेचं नाही, भौतिक रसायनशास्त्राचं. एका देशात जन्मून दुसऱ्या देशात घर केलेल्या या माणसाच्या कामात 'इथला कोण' हा प्रश्न सतत डोकावत राहतो. २००१ साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या एका मोठ्या चौकात त्यांनी 'बॉडी मूव्हीज' मांडलं. रॉटरडॅम, माद्रिद, मेक्सिको आणि माँट्रियलच्या रस्त्यांवर टिपलेले हजारावर माणसांचे फोटो एका भव्य इमारतीच्या दर्शनी भिंतीवर प्रक्षेपित केले होते. पण ते दिसत नव्हते, कारण जमिनीवर ठेवलेल्या प्रखर दिव्यांचा झोत त्याच भिंतीवर पडून ते पार धुऊन काढत होता. चौकातून जाणाऱ्याची सावली भिंतीवर पडली की तेवढ्या भागातला प्रखर उजेड अडे आणि त्या सावलीच्या पोटात कुठल्यातरी अनोळखी माणसाचा चेहरा उमटे. दिव्याजवळ गेलं तर सावली २५ मीटर उंच, भिंतीजवळ गेलं तर दोन मीटर. भिंतीवरचे सगळे चेहरे सावल्यांनी उघड केले की नवे चेहरे येत.

१६७५ साली सॅम्युएल व्हान होखस्ट्राटन या डच चित्रकाराने कोरलेल्या सावल्यांच्या नाचाच्या चित्रावरून लोझानो-हेमर यांना ही कल्पना सुचली. चौकातल्या लोकांनी तिचं आपल्या परीने काहीतरी वेगळंच केलं. ते सावल्यांची नाटकं करू लागले. चाकाच्या खुर्चीत बसलेला माणूस दिव्याजवळ येऊन सगळ्यांहून उंच होऊ शकत होता, लहान मूल मोठ्या माणसाला चिमटीत धरू शकत होतं. चौकात कधी एकमेकांकडे न पाहणारी माणसं भिंतीवर एकमेकांना मिठ्या मारू शकत होती. इथे सावली तुमची आणि तिच्या आतला चेहरा परक्याचा. दुसऱ्याला जागा करून द्यायची तर आपल्याला नेमकं त्याच्या मापाचं व्हावं लागतं, पुढे-मागे सरकावं लागतं. हे सगळं एक शब्दही न बोलता, फक्त उजेडाच्या भूमितीतून घडत होतं.

पण सावली नेहमीच इतकी मोकळी नसते. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांच्या सावल्या ओझ्याने वाकलेल्या आहेत. १९७६ साली मुंबईत जन्मलेल्या गुप्ता यांनी १९९२ साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकलेच्या शिक्षणासाठी प्रवेश घेतला. त्याच हिवाळ्यात शहरात दंगली पेटल्या आणि नाव विचारून माणूस कोण ते ठरवलं जाऊ लागलं. त्यांच्या २००७ सालच्या 'शॅडो ३' या मांडणशिल्पात प्रेक्षक पडद्यासमोर उभा राहतो आणि संगणक त्याची सावली तयार करतो. इथपर्यंत क्रूगर यांचीच रीत. मग वरून दोऱ्यांवरून वस्तू घरंगळत येऊ लागतात आणि सावलीला चिकटतात. एक, दोन, दहा. तुम्ही काहीच उचललेलं नसतं, पण तुमच्या बाह्याकृतीवर अडगळ साचत जाते. यंत्राने वजाबाकी करून जो निव्वळ माणूस काढला होता, त्याच्यात कुणीतरी पुन्हा बेरीज सुरू केलेली असते. आडनाव, मोहल्ला, भाषेचा हेल, आजोबांनी केलेलं किंवा न केलेलं काहीतरी: माणूस हे सगळं निवडून अंगावर घेत नाही, तरी लोकांना दिसते ती ह्या ओझ्यासकट सावली. क्रूगर यांच्या सावलीत आनंद आहे, गुप्तांच्या सावलीत अनुभव आहे. मला दोन्ही खऱ्या वाटतात.

गुप्ता यांच्याच 'स्पीकिंग वॉल' या कामात भिंतीवर छोटा पडदा, कानाला हेडफोन आणि पायाखाली विटांची रांग आहे. कानातला आवाज तुम्हाला एक पाऊल मागे घ्यायला सांगतो, मग पुढे यायला सांगतो, आणि सीमारेषेविषयी बोलत राहतो. तुम्ही मुकाट्याने तसं करता. रेषा जमिनीवर आधी नव्हती. तुम्ही पावलं उचललीत म्हणून ती झाली.

सावलीनंतर बोट. लोझानो-हेमर यांचं 'पल्स इंडेक्स' हे २०१० सालचं काम. एका यंत्रात बोट घालायचं. आत २२० पट मोठं दाखवणारा डिजिटल सूक्ष्मदर्शक आणि नाडी मोजणारा सेन्सर असतो. नाडी मोजण्याची युक्ती हल्लीच्या मनगटी घड्याळांतही असते: हृदय रक्त ढकलतं तेव्हा कातडीखालून परत येणारा उजेड किंचित कमी होतो, आणि ते कमीजास्त होणं मोजलं की ठोके कळतात. क्षणात तुमच्या बोटाचा ठसा समोरच्या प्रचंड पडद्यावर उमटतो आणि तुमच्याच हृदयाच्या लयीत धडधडू लागतो. पुढचा माणूस आला की तुमचा ठसा एक घर मागे सरकतो आणि जरा लहान होतो. असे ५०९ माणसांचे ठसे एका वेळी पडद्यावर मावतात. त्यापुढचा माणूस आला की सगळ्यात जुना ठसा कायमचा निघून जातो.

त्याच २०१० साली, २९ सप्टेंबरला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. बोटांचे ठसे, बुबुळं आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन माणसाला बारा अंकी ओळख देण्याची ती सुरुवात. टेंभलीतला ठसा आणि 'पल्स इंडेक्स'मधला ठसा तंत्राच्या बाजूने भाऊ-भाऊ आहेत. दोन्हीकडे बोटावरच्या रेषांचं चित्रच घेतलं जातं. पण एकाला तुम्ही बाकी सगळ्यांहून वेगळे आहात याची खात्री हवी असते आणि ती जपून ठेवायची असते. दुसऱ्याला तुम्ही बाकी सगळ्यांच्या रांगेत हवे असता, तेही थोडाच वेळ. पहिल्याची गरज मी नाकारत नाही. कागद नसलेल्या माणसाला हक्काचं धान्य मिळायचं तर काहीतरी खूण लागतेच. पण राबून राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या शेतमजुराचा अंगठा रेशन दुकानातलं यंत्र नाकारतं, तेव्हा समोर उभा असलेला धडधडता माणूस त्या यंत्राला दिसत नाही. लोझानो-हेमर यांनी ठशाला नाडी जोडली ती या ठिकाणी महत्त्वाची ठरते. नुसत्या ठशाला धडधड नसते.

आता आवाजाकडे येऊ. नोव्हेंबर १९८०मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरबाहेरच्या फुटपाथवर आणि लॉस एंजेलिसमधल्या एका मोठ्या दुकानाच्या काचेत अचानक एकेक पडदा उजळला. किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ या जोडीने उपग्रहामार्फत ही दोन ठिकाणं जोडली होती. पाटी नाही, जाहिरात नाही, खुलासा नाही. चालणाऱ्या लोकांना समोर पूर्णाकृती माणसं दिसली आणि त्यांचं बोलणं ऐकू आलं. पहिल्या संध्याकाळी नुसतं आश्चर्य, 'तुम्ही कुठे आहात?' अशी विचारपूस. दुसऱ्या संध्याकाळी ऐकून आलेले लोक होते. तिसऱ्या दिवशी दूरचित्रवाणीवर बातमी गेलेली होती, आणि देशाच्या दोन टोकांना राहणारे नातेवाईक ठरवून आपापल्या शहरातल्या पडद्यासमोर येऊन उभे राहिले. कितीतरी वर्षांत न भेटलेली माणसं रडत, हसत बोलली. 'होल इन स्पेस' फक्त तीन संध्याकाळी चाललं. कलाकारांनी एक गोष्ट मुद्दाम केली होती: तुमची स्वतःची प्रतिमा तुम्हाला कुठेच दिसत नव्हती. आजच्या व्हिडिओ कॉलमध्ये कोपऱ्यातल्या स्वतःच्या चौकटीकडे आपली नजर सारखी जाते. तिथे बघायला फक्त समोरचा माणूस होता.

लोझानो-हेमर यांच्या 'बॉर्डर ट्यूनर'मध्ये तर समोरचा माणूसही दिसत नाही. या सबंध विषयात मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच कलाकृती. त्यासाठी आधी ती जागा समजून घ्यायला हवी. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातलं एल पासो आणि मेक्सिकोतलं सिउदाद हुआरेझ ही नदीच्या दोन काठांवरची शहरं. मिळून वीस लाखांहून अधिक वस्ती. नदीला अमेरिकेत रिओ ग्रांदे म्हणतात, मेक्सिकोत रिओ ब्राव्हो. १८४८च्या तहाने ही नदी सीमा ठरली. पण नदीला तह कळत नाही. १८६४च्या पुराने ती दक्षिणेकडे सरकली आणि चामिसाल नावाचा मेक्सिकोचा तुकडा अमेरिकेच्या बाजूला गेला. जवळजवळ शंभर वर्षं वाद चालला. १९६३ साली करार झाला, तुकडा बहुतांशी मेक्सिकोला परत मिळाला आणि नदी पुन्हा हलू नये म्हणून तिला काँक्रीटच्या पाटात घातलं. या अदलाबदलीत एल पासोच्या बाजूची पाच हजारांहून अधिक माणसं घराबाहेर पडली. ती माणसं आपणहून हलली नव्हती. त्यांच्या घराखालचा देश बदलला होता. सीमाभागात पिढ्या काढलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

त्याच परिसरात आज मेक्सिकोच्या बाजूला चामिसाल उद्यान आहे आणि अमेरिकेच्या बाजूला बोवी हायस्कूल. बोवीतले बहुतेक विद्यार्थी मेक्सिकन वंशाचे. सीमा गस्तीचे शिपाई शाळेच्या आवारात शिरून त्यांना वारंवार हटकत, कागद मागत. अखेर शाळेतल्या विद्यार्थ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी दावा लावला, आणि केवळ दिसण्यावरून कुणाला अडवायचं नाही, असा आदेश १९९२ साली संघराज्याच्या न्यायालयाने दिला. पुढे ३ ऑगस्ट २०१९ रोजी एल पासोतल्या एका मोठ्या दुकानात एका बंदूकधाऱ्याने मेक्सिकन वंशाच्या लोकांना लक्ष्य करून गोळीबार केला. त्यात एकूण २३ माणसं गेली. ओळख पटवण्याचं याहून भीषण रूप नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी, १३ ते २४ नोव्हेंबर २०१९ या बारा रात्री, बोवी हायस्कूलच्या मैदानावर आणि पलीकडे चामिसाल उद्यानात मिळून सहा ठाणी उभी राहिली, तीन इकडे आणि तीन तिकडे. प्रत्येक ठाण्यावर एक मायक्रोफोन, एक स्पीकर आणि एक फिरवायची चकती. चकती फिरवली की यंत्राने वळणारे प्रचंड शोधदिवे आकाशात झोत फिरवत, जुन्या रेडिओवर स्टेशन शोधताना काटा फिरवावा तसे. संगणकाला प्रत्येक झोताची दिशा ठाऊक असे. पलीकडच्या कुणाचा झोत आणि तुमचा झोत आकाशात एकमेकांना भेटला की त्या दोन ठाण्यांमधला ध्वनीमार्ग खुला होई. दोघं बोलू लागत, आणि आवाजाच्या चढउताराबरोबर झोताचा उजेड थरथरे. झोत फिरवून बाजूला नेला की बोलणं तुटे. दुरून पाहणाऱ्याला शब्द ऐकू येत नसत, पण सीमेच्या डोक्यावर उजेड थरथरतो आहे म्हणजे खाली कुणीतरी बोलतं आहे, हे कळे.

शोधदिवा हे या सीमेवरचं ओळखीचं हत्यार. कुंपणाजवळ पळणाऱ्या माणसाला शोधायला तो वापरतात. तोच दिवा इथे माणूस शोधत होता, पण बोलण्यासाठी, आणि दोन्ही बाजूंनी. झोत भिडायला तिकडच्यानेही आपली चकती तुमच्या दिशेला वळवावी लागे. ओळख होण्याला दोघांची तयारी लागते ती अशी. काही कार्यक्रम आधी ठरलेले होते: कवी, गायक, स्थानिक इतिहास सांगणारे, दोन्ही काठांवरच्या संस्थांमधले कार्यकर्ते. पण चकत्या सगळ्यांसाठी खुल्या असत, आणि कलाकृतीचा जीव त्या मोकळ्या वेळेत होता. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही जाणार' म्हटलं तर ऐकणारा त्यात नाही. 'आपण जाऊ' म्हटलं की तोही आला. भाषेने हा भेद इतका सहज केला आहे की आपल्याला तो जाणवतही नाही. कुंपणाच्या एका बाजूला 'आम्ही' म्हणून उभा असलेला माणूस दुसऱ्या बाजूच्या अनोळखी आवाजाशी बोलता बोलता 'आपण'वर कधी येतो, ते 'बॉर्डर ट्यूनर'मध्ये ऐकता येत होतं. लोझानो-हेमर यांनी एक गोष्ट स्पष्ट केली होती. आपण नवे पूल बांधत नाही आहोत, असं ते म्हणत. या शहरांमधले नात्यागोत्याचे, कामधंद्याचे, प्रेमाचे पूल होतेच, ते फक्त दिसावेत एवढंच आपण केलं. मार्च २०२० मध्ये साथीमुळे अमेरिकेने ही सीमा अत्यावश्यक नसलेल्या प्रवासासाठी बंद केली आणि ती नोव्हेंबर २०२१ पर्यंत बंद राहिली. त्या दीड वर्षाहून अधिक काळात अनेक कुटुंबांना नदीचा तो काँक्रीटचा पाट ओलांडता आला नाही.

आवाजाला कधीकधी चेहरा नसणंच सोयीचं पडतं. चेहरा आला की यंत्राच्या सवयीही येतात. २०१९ साली कलाकार ट्रेव्हर पॅग्लेन आणि संशोधक केट क्रॉफर्ड यांनी 'इमेजनेट रूलेट' लोकांपुढे ठेवलं. 'इमेजनेट' हा दीड कोटीच्या घरातल्या छायाचित्रांचा साठा. संगणकाला पाहायला शिकवण्यासाठी तो जगभर वापरला गेला. त्यात खुर्ची, कुत्रा, सफरचंद यांच्याबरोबर माणसांचेही अडीच हजारांहून अधिक वर्ग होते. चित्रांवर ही लेबलं मोबदला घेऊन काम करणाऱ्या अनोळखी माणसांनी झपाट्याने लावलेली होती. 'रूलेट'वर आपला फोटो चढवला की त्या साठ्यावर शिकलेलं यंत्र तुमच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट काढून तुम्ही कोण ते सांगे. कुणाला निरुपद्रवी धंद्याचं नाव मिळे, कुणाला थेट शिवी. कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांना वंशावरून हिणवणारी लेबलं चिकटताना दिसली. एकेका माणसाने स्वतःच्या चेहऱ्यावर ते लेबल पाहिलं, तेव्हा वर्षानुवर्षं आत साचलेला गाळ वर आला. त्याच वर्षी 'इमेजनेट'च्या संशोधकांनी माणसांच्या वर्गांतली सहा लाख चित्रं काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं. प्रेक्षकांनी आपले चेहरे देऊन एका वैज्ञानिक साठ्यातली चूक उघडी पाडली, अशी उदाहरणं कलेच्या इतिहासात फार नसतील.

ब्रिटिश कलाकार डॅनिएल ब्रेथवेट-शर्ली यांनी २०२० साली याच्या उलट वाट धरली. कृष्णवर्णीय पारलिंगी लोकांच्या आठवणी जपणाऱ्या त्यांच्या डिजिटल संग्रहात शिरतानाच तुम्हाला स्वतःविषयी सांगावं लागतं: तुम्ही कृष्णवर्णीय आणि पारलिंगी आहात, नुसते पारलिंगी आहात, की पारलिंगी नाहीच? उत्तराप्रमाणे पुढची वाट बदलते. काही दारं काहींना उघडतच नाहीत. इथे यंत्र चेहरा पाहून ठरवत नाही, विचारतं. आणि तुम्ही कोण आहात यावर तुमच्याकडून काय अपेक्षित आहे तेही सांगतं. आपलं कुठे काय आहे आणि कुठे आपण पाहुणे आहोत, हे दारातच कळतं. पाहुण्याने पाहुण्यासारखं वागावं, ही रीत आपल्याकडेही जुनीच आहे.

आणि आता लोझानो-हेमर यांचंच एक काम, ज्यात फक्त एक कॅमेरा आणि एक पडदा आहे. २६ सप्टेंबर २०१४च्या रात्री मेक्सिकोच्या गेरेरो राज्यात, इग्वाला शहरात, आयोत्सिनापाच्या ग्रामीण अध्यापक विद्यालयातल्या ४३ विद्यार्थ्यांना पळवून नेण्यात आलं. बहुतेक शेतकऱ्यांची मुलं, खेड्यांतल्या शाळांत शिक्षक होण्यासाठी शिकत होती. पळवून नेण्यात पोलीस होते, गुन्हेगारी टोळी होती. २०२२ साली सरकारनेच नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने याला शासनाने केलेला गुन्हा म्हटलं. बरोबर सहा महिन्यांनी, २६ मार्च २०१५ला, लोझानो-हेमर यांनी 'लेव्हल ऑफ कॉन्फिडन्स' प्रसिद्ध केलं. त्याचं सॉफ्टवेअर कुणालाही फुकट उतरवून घेता येतं, म्हणजे ते कुठल्याही शाळेत, सभागृहात लावता येतं. आणि कलाकृती विकली गेली तर येणारे पैसे त्या विद्यार्थ्यांच्या समाजाकडे जावेत, अशी व्यवस्था केली.

यंत्राने चेहरा ओळखण्याची एक पद्धत अशी: पुष्कळ चेहऱ्यांचे फोटो आकड्यांत मांडायचे, त्यांचा एक सरासरी चेहरा काढायचा, आणि प्रत्येक माणूस त्या सरासरीपासून कुठल्या दिशेने किती दूर आहे ते नोंदवून ठेवायचं. दुसरी एक पद्धत फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याची शेजारच्या ठिपक्यांशी तुलना करते: हा अधिक उजळ की तो? नवा चेहरा आला की त्याचेही असेच आकडे काढून साठ्यातला सर्वांत जवळचा चेहरा शोधायचा, आणि जुळणी किती भरवशाची ते टक्क्यांत सांगायचं. पोलीस आणि सीमेवरचे अधिकारी संशयितांना पकडायला अशा यंत्रणा वापरतात. 'लेव्हल ऑफ कॉन्फिडन्स'मधल्या यंत्राला फक्त त्या ४३ विद्यार्थ्यांचे चेहरे शिकवलेले आहेत. बाकी जगात त्याला कुणी ठाऊकच नाही. तुम्ही समोर उभे राहिलात की ते तुमच्या चेहऱ्यात त्यांना शोधू लागतं. पडद्यावर तुमच्या शेजारी एकेक तरुण चेहरा येतो-जातो, आणि शेवटी तुमच्याशी सर्वांत जुळणाऱ्या मुलावर ते थांबतं. खाली टक्केवारी दिसते.

बाळाच्या बारशाला जमलेल्या बायका पाळण्यात वाकून म्हणतात, डोळे आजीचे, हनुवटी अगदी मामाची. चेहरा कुणावर गेला हे सांगणं म्हणजे बाळाला घरात घेणं. हे यंत्र नकळत तेच करतं. तुम्ही पुण्याचे असा, माँट्रियलचे असा, गेरेरोचे असा, तुमचे डोळे त्या ४३ पैकी एका मुलावर गेले आहेत असं ते तुम्हाला सांगतं, आणि तो कुणाचा तरी मुलगा तुमच्या नात्यात येऊन बसतो. त्याचं नाव तुम्ही वाचता. त्याच्या आईने गळ्यात अडकवून मोर्चात नेलेला फोटो तोच असतो.

टक्केवारी कधी शंभरापर्यंत जात नाही. समोर येणारा प्रत्येक माणूस जुळतो तो थोडासाच. कलाकृती लावलेली असेपर्यंत यंत्र शोधत राहतं. ४३ पैकी आजवर तिघांच्याच अवशेषांची ओळख पटली आहे, तीही ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या वैद्यकीय विद्यापीठात हाडांच्या तुकड्यांमधला डीएनए तपासून. उरलेल्या चाळीस घरांत अजून कुणी ओळख पटवायला बोलावलेलं नाही.